तुळशीचं पाणी

"ओढा अक्का. अजून जोरात."

चंद्रभागाबाईंच्या गळ्यातल्या नळीला फिजिओथेरपिस्ट प्रणितानं स्प्रिंगचं छोटं यंत्र लावलं होतं. श्वास जोर लावून ओढला तरच त्याची झडप उघडायची. व्हेंटिलेटरवर आयता श्वास मिळून मिळून छातीखालचा स्नायू आळशी जावयासारखा बसून राहिला होता, त्याला कामाला लावायचं होतं. मागच्या आठवड्यात झडप हलतसुद्धा नव्हती. आज उघडत होती. बाई घामानं निथळल्या तशी प्रणितानं यंत्र काढून पुन्हा व्हेंटिलेटर जोडला.

नेमकी तेव्हाच हुलसूरहून बाईंच्या घरची माणसं आयसीयूत भेटायला आली, मुलगा व्यंकट आणि बाईंची जाऊ चांगुणाबाई. उसळती छाती बघून चांगुणाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"ऊर्ध्व लागलाय रे, व्यंकट. पाणी घाल मायच्या तोंडात."

व्यंकटनं पिशवीतून गडू काढला. पाण्यात तुळशीचं पान होतं. म्हणजे घरूनच तयारी करून आले होते. प्रणिताचं डोकं फिरलं.

"हात मागं घ्या, अण्णा. ते पाणी छातीत उतरलं तर खरंच जातील त्या."

"मग तुमी कामून छळायलात तिला? जाणाऱ्याला सुखानं जाऊ बी देईनात. घरी नेतो आमी. गाडी खाली उभी हाय."

"कोण जायलंय? ताप गेला, छाती मोकळी झाली. घाट चढताना तुम्हाला धाप लागते, तवा कुणी तोंडात तुळशीपत्र ठेवतं का?"

चिटगुप्प्याहून रोज बसनं बिदरच्या या दवाखान्यात येणारी प्रणिता एरवी आवाज चढवत नसे. नातेवाईक तिला मालिशवाली म्हणत, तेही ती गिळायची. पण आज तिला सगळ्यांचाच संताप आला होता. "घरच्यांची इच्छा असेल तर सही घ्या आणि सोडा," असं सांगून मोठे डॉक्टर सकाळीच मोकळे झाले होते. बाई शुद्धीवर होत्या, सगळं ऐकत होत्या, आणि त्यांना विचारावं असं एकालाही सुचलं नव्हतं.

"त्यांनाच विचारा की," ती म्हणाली.

व्यंकट वाकला. "माय, घरी जायचं का?"

नळीमुळं बाईंना बोलता येत नव्हतं. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि तोंडाशी आलेला गडू हातानं बाजूला सारला. मग लेकाकडं असं बघितलं, की तो चाळीस एकरांचा मालक दोन पावलं मागं सरला. प्रणिताच्या हातातल्या यंत्राकडं त्यांनी बोट दाखवलं.

"दमलात, अक्का. जरा थांबू."

बोट तसंच राहिलं. प्रणितानं यंत्र लावलं. बाईंनी श्वास ओढला, झडप उघडली. चांगुणाबाई काहीतरी पुटपुटत बाहेर गेल्या.

व्यंकट गडू घेऊन तिथंच उभा होता. तुळशीचं पाणी फरशीवर सांडता येईना, बेसिनमध्ये ओतायला हात होईना. शेवटी भिंतीकडं तोंड करून ते त्यानं स्वतःच पिऊन टाकलं.