कुलपांचं वजन

मी वजनकाटा बोलतोय. हसू नका! माझ्यावर उभं राहताना पोट आत ओढणारी माणसं मी रोज बघतो. पोट आत घेतल्याने वजन कमी होतं, हे यांना कोणी सांगितलं, देव जाणे.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, एखाद्या व्यायामशाळेत मिरवीन. येऊन पडलो कॅन्सरच्या दवाखान्यात, आहारताईंच्या खोलीत. उपचार चालू असलेल्यांच्या पोटात अन्न जातंय ना, हे बघणं ताईंचं काम. इथे सगळं उलटं. काटा पुढे सरकला की आनंद, मागे गेला की सगळ्यांची तोंडं उतरतात.

कुलपांचं दुकान चालवणारे काका उपचारासाठी यायचे, सोबतीला काकू. दर खेपेला काटा मागे. शेवटी ताईंनी बजावलं, "काका, आणखी घटलं तर पुढचा डोस लांबेल."

पुढच्या खेपेला काका चढले आणि आकडा भलताच वाढला. काकूंनी हात जोडले. मला मात्र घाम फुटला. जन्मभर तोंडावर खरं सांगितलं, आणि आज मीच थापाड्या! तेवढ्यात ताईंना खणखण ऐकू आली.

"काका, खिसे रिकामे करा."

टेबलावर पितळी कुलपांचा ढीग झाला. आतल्या खिशातून तर शटरच्या कुलपाचं धूड निघालं.

"औषधाचं माप वजन बघून ठरतं. या कुलपांनाही कॅन्सर झालाय का? जास्तीचं औषध तुमच्या अंगात गेलं असतं म्हणजे?"

काका मान खाली घालून म्हणाले, "काहीही खाल्लं तरी लोखंड चघळल्यासारखं लागतं. ही दिवसभर ओट्याशी उभी. हिला कोणत्या तोंडाने सांगू?"

"मग मेलं आधी बोलायचं नाही का!" काकू उसळल्या. "मला वाटलं, माझ्याच हाताची चव गेली."

"औषधाने होतं तसं," ताई म्हणाल्या. "प्लॅस्टिकचा चमचा वापरा, गार करून थोडं थोडं द्या. आणि काकू, जरा तुम्ही उभ्या राहा बरं."

"मला काय धाड भरलीय?"

पहिल्या भेटीत काकांना धीर द्यायला काकूच आधी चढल्या होत्या. तो आकडा ताईंच्या लक्षात होता. आता काकू कुरकुरत चढल्या, तर काटा कितीतरी मागे. काकांपेक्षा काकूच जास्त झिजल्या होत्या.

"हे जेवत नाहीत, मग माझ्या घशाखाली काय उतरणार?" काकू पुटपुटल्या. काका त्यांच्याकडे बघतच राहिले. डोळे भरून आले त्यांचे, आणि खरं सांगू, माझेही.

आता माझा एक पाय डुगडुगतो. लाल आकडे दाखवणारा नवा काटा दारात येऊन बसलाय. माझं शेवटचं गिऱ्हाईक काकाच. डोस वेळेवर मिळणार की नाही, ते आज ठरायचं होतं. ताईंनी हाक मारली, तर काकांनी काकूंना पुढे केलं.

"आधी हिला घ्या. माझं मग बघू."

"अहो, काहीतरीच काय!"

"चढ गं. तुझं घटलं असलं तर घरी गेल्यावर माझ्याशी गाठ आहे."

थोडं पुढे ढकलावं असं फार वाटलं हो, पण नाही ढकललं. काटा आपणहून सरकला. काकूंचा सरकला, मग काकांचाही, अगदी जरासा. ताई म्हणाल्या, डोस वेळेवर.

चला, येतो. नव्या भावा, जागा सांभाळ. आणि पिशवी धरून बाजूला उभं असतं ना कोणीतरी, त्यालाही एकदा वर बोलवत जा.