साठीच्या आत पाच कामं

मोतीबाईला आपलं वय कळलं ते चौऱ्याण्णव सालच्या नवरात्रात, आणि तेही सरकारकडून. तोवर तिला वय नव्हतंच. जन्मली तेव्हा भात कापणीला आलं होतं, एवढं तिच्या आयशीनं सांगितलेलं. कुठल्या सालचं भात, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. मतदानाच्या ओळखपत्रासाठी शाळेत फोटो काढायला माणूस आला, त्यानं विचारलं, "आजी, वय?" मोतीबाईनं पदर सारखा केला नि उलट त्यालाच विचारलं, "तुला किती वाटतंय?" बाहेर दीडशे बाया रांगेत उभ्या, त्याला जेवायला जायचं होतं. त्यानं एकोणसाठ लिहिलं आणि मोतीबाई खूश होऊन घरी आली.

ओळखपत्र हातात पडलं तेव्हा मात्र तिनं थयथयाट केला. फोटोत ती चोरीच्या कोंबडीसकट पकडल्यासारखी दिसत होती.

"हा कोण मेला रेडा?" तिनं सुनेला विचारलं.

"तुम्हीच आहात आई," काशी म्हणाली. काशी दहावी पास, घरातलं वाचणं-लिहिणं सगळं तिच्याकडे. सासूची भीती तिला पहिली दोन वर्षं वाटली होती, पुढं वेळ मिळाला नाही. "आणि हे बघा, यंदाच्या जानेवारीच्या एक तारखेचं वय लिहिलंय. म्हणजे येत्या एक जानेवारीला तुम्हाला साठ पूर्ण."

मोतीबाईनं ओळखपत्र ओट्यावर पालथं टाकलं. साठीचं तिला चांगलंच ठाऊक होतं. तिच्या सासूला साठ झाली असं घरातल्यांनी एके दिवशी परस्पर ठरवलं, हातातला कोयता काढून घेतला आणि खाटेवर बसवलं. पुढची नऊ वर्षं ती बिचारी खाटेवरून भिंतीला शिव्या घालत होती. भिंतीचं काही वाकडं झालं नाही.

"मी नाय खाटेवर बसणार," मोतीबाई म्हणाली.

"कोण बसवतंय?"

"तू नाय, तर तुझा नवरा बसवील. भोळा हाय, कुणी सांगितलं तर बसवील." मग लगेच म्हणाली, "काशी, कागद घे. साठीच्या आत मना काय काय करायचा हाय ते लिही. एकदा म्हातारी ठरली की बाईला कोण काय करू देतंय?"

काशीनं भिंतीवरच्या कॅलेंडरचं सप्टेंबरचं पान फाडलं, उलटं केलं आणि आकडे घातले. एक, गाऊन घालून ओट्यावर बसायचं. दोन, हॉटेलात एकटीनं जेवायचं. तीन, लुना चालवायची. चार, विडी ओढायची.

"विडी?" काशीचं पेन थांबलं.

"तुझा सासरा चाळीस वर्षं माझ्या तोंडावर धूर सोडून मेला. त्यात एवढा काय होता, ते मना एकदा बघायचा हाय."

"बरं. आणि पाच?"

मोतीबाईनं गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडं पाहिलं. तिकडं काही नव्हतं, एक नवी बिल्डिंग उठत होती आणि तिच्यापुढं एक कौलारू घर. "पाचला जनी लिही. नुसता जनी. पुढं काय लिहू नको."

काशीनं तेवढंच लिहिलं. अख्ख्या कात्रप गावठाणाला माहीत होतं की मोतीबाई आणि जनी या सख्ख्या बहिणी, एकाच गावात दिलेल्या, दोन घरांत चारशे पावलांचं अंतर, आणि चौदा वर्षं एकमेकींशी चकार शब्द बोललेल्या नाहीत. नळावर एक आली की दुसरी हंडा उचलायची. मयताला दोघी जायच्या, पण रडायच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत.

कारण काय, तर गळा. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण लागते. भटजी उशिरा आला तरी खपतं, पण धवले, म्हणजे लग्नातली गाणी, म्हणणारी बाई नसेल तर हळद लागत नाही. जनी गावाची धवलारीण. ऐंशी साली मोतीबाईच्या हरिचंद्राचं लग्न निघालं. सख्ख्या भाच्याच्या हळदीत मावशीच धवले म्हणणार, यात विचारायचं काय? पण मोतीबाईला त्या वर्षी भाताचे पैसे बरे आलेले, डोकं ठिकाणावर नव्हतं. तिनं अंबरनाथहून एक नावाजलेली धवलारीण आणली आणि जनी मांडवात आली तेव्हा चारचौघींत म्हणाली, "तुझा गळा आता फाटलाय गो जने. एकुलता पोर हाय माझा, त्याच्या हळदीत मना फाटका आवाज नको." जनीनं हाताची हळद धुतली, पदर खोचला आणि मांडवातून निघून गेली. ती गेली ती गेलीच.

चूक आपली होती, हे मोतीबाईला त्याच संध्याकाळी कळलं. अंबरनाथची बाई गायली छान, पण तिला हरिचंद्राच्या बापाचं नाव येत नव्हतं, दर कडव्याला कानात सांगावं लागत होतं. तरी मोतीबाई गेली नाही. ती थोरली. थोरलीनं धाकटीच्या दारात जायचं, तिच्यापुढं वाकायचं, असं कुठं असतं का? धाकटीनं यावं, पाया पडावं, मग थोरली मोठ्या मनानं पोटाशी धरील. मोठं मन मोतीबाईनं चौदा वर्षं तयार ठेवलं होतं. धाकटीच येत नव्हती.

बाकीची चार कामं मात्र झपाट्यानं उरकली. गाऊन उल्हासनगरला कॅम्पातल्या सिंधी दुकानदाराकडून आणला. त्यानं "अम्मा, एकदम फॉरेनचा पीस आहे" म्हणत मोठमोठ्या सूर्यफुलांचा गाऊन गळ्यात मारला. मोतीबाई तो घालून ओट्यावर बसली. जन्मभर गुडघ्यापर्यंतचं लुगडं कासोट्यानं आवळून नेसलेली बाई. तिला आतून सगळीकडं वारा लागला. "अगो काशी, बिल्डिंगीतल्या बाया यात दिवसभर राहतात? म्हणून त्यांना काम सुचत नाय." तरी संध्याकाळपर्यंत तिनं तो काढला नाही, आणि गावातल्या चार बायांनी दुसऱ्या दिवशी भाव विचारला.

त्याच फेरीत हॉटेलही झालं. काशीला बाहेर बाकड्यावर बसवून मोतीबाई एकटी आत गेली, दाल-पकवान मागवलं, पापडाएवढं कडक पकवान समोर आल्यावर तळलेली भाकरी करपवली म्हणून गल्ल्यावरच्या माणसाशी भांडली, मग ते चाटूनपुसून खाल्लं आणि आणखी एक मागवलं. लुना हरिचंद्राची. कंपनीची सुट्टी होती म्हणून तो मागं बसला आणि तेवढ्यानंच वाचला, कारण मोतीबाईला ब्रेक कुठं ते सांगायचं राहिलं होतं. लुना गवताच्या भाऱ्यात घुसून थांबली. "चालवली का नाय?" मोतीबाई गवतातून विचारत होती. काशीनं खूण केली.

विडीला तिनं एकांत मागितला. परसात जाऊन पेटवली, दोन झुरके घेतले आणि खोकून खोकून अर्धमेली झाली. काशी पाणी घेऊन धावली तेव्हा मोतीबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "यासाठी मेला चाळीस वर्षं खोकला?" ती म्हणाली. "मी रोज शिव्या द्यायची. एकदा जवळ बसून विचारायला पाहिजे होता." ते पाणी धुराचं की आणखी कसलं, हे काशीनं विचारलं नाही.

उरला पाच नंबर. डिसेंबर संपत आला तसं मोतीबाई कागदाकडं बघेनाशी झाली. काशीनं एकदा विषय काढला तर म्हणाली, "तिला कळत नाय? धाकटीला काय अक्कल नको?" हे बोलताना ती ट्रंकेतलं एक लुगडं काढून उन्हात घालत होती. हिरवं, जरीच्या काठाचं. धवलारणीला मानाचं लुगडं द्यायचं असतं. हे ऐंशी साली जनीसाठी घेतलेलं. अंबरनाथच्या बाईला मोतीबाईनं दुसरं दिलं होतं.

एकतीस तारखेला सकाळी काशी रेशनला गेली आणि रिकामी पिशवी घेऊन धापा टाकत परत आली.

"आई! शाळेच्या भिंतीवर कधीची मतदारांची यादी लावलीय, मी आज बघितली. तुम्ही एकोणसाठ, बरोबर? आणि जनीमावशी किती माहीत आहे? बासष्ट!"

"काय?"

"बासष्ट लिहिलंय. छापील. सरकारच्या हिशेबानं त्या थोरल्या आणि तुम्ही धाकट्या."

मोतीबाई आधी हसली. मांडीवर थाप मारून, पोट धरून हसली. जनीला कडेवर घेऊन हिनं गुरं राखली होती, जनीचा शेंबूड हिनं पुसला होता, आणि जनी थोरली! आग लागो त्या सरकारला. मग हसता हसता तिनं ट्रंकेतून ओळखपत्र काढलं आणि उलटसुलट करून पाहिलं.

"काशी," ती म्हणाली, "छापील हाय ना?"

"छापील आहे."

"मग सरकारपुढं आपला काय चालणार? धाकटीनं जायचा असतो. पाया पडायचा असतो. तसा रिवाजच हाय." आणि उठून तिनं तोंड धुतलं, डोक्यात फूल माळलं, ओळखपत्र कनवटीला लावलं, हिरवं लुगडं काखेत घेतलं. चौदा वर्षं न संपलेली चारशे पावलं तिनं भर सकाळी, सगळ्या गल्लीच्या देखत संपवली. काशी मागं मागं.

जनीच्या दाराला कडी. शेजारीण म्हणाली, "जनी उल्हासनगरला कचेरीत गेलीय. तिसरी खेप हाय. कार्डावरचा वय चुकलाय म्हणतं, कमी करून आणायला गेलीय."

मोतीबाईला रागच आला. भवानी! या वयात तरुण व्हायला निघाली! एक दिवस, एकच दिवस थोरली राहिली असती तर काय बिघडत होतं? पण परत फिरली असती तर गल्लीनं पाहिलं असतं. ती जनीच्या ओटीवर बसून राहिली.

दुपारी रिक्षातून जनी उतरली. वाळली होती, दात गेले होते, केस पांढरेफटक. ओटीवर कोण बसलंय ते बघून ती अंगणात थबकली. हातातला कागद तिनं छातीशी धरला.

मोतीबाईनं येताना चार वाक्यं घोकली होती. त्यातलं एक आठवेना. "मी धाकटी म्हणून आयली," ती घाईघाईनं म्हणाली आणि ओळखपत्र पुढं धरलं. "हे बघ, सरकारनं लिहिलंय. तू थोरली हायस. मी पाया पडायला आयली."

"कसली थोरली?" जनी तोच घोगरा, फाटका आवाज चढवून ओरडली. "तीन खेपा घातल्या मी! साहेबासमोर शपथ घेतली, सही केली. आता पंचावन्नची झाली मी. हा बघ शिक्का!"

"कनाला गो? म्हातारी दिसायची एवढी लाज?"

"लाज कसली? तू एकोणसाठ लागलीस यादीत. त्यातनं चार वजा केले, पंचावन्न सांगितले." जनीचा आवाज आणखीच फाटला. "थोरली झाली असती तर तुझ्या दारात कशी आयली असती, बाय? धाकटी राहिली तरच येता येईल ना! उद्या यायची होती मी. उद्या सकाळी."

मग मोतीबाई उठली, खाली उतरली आणि जनीच्या पायाशी वाकली. त्याच वेळी जनीही वाकली, दोघींची डोकी टणकन आपटली आणि दोघींनी एकदम एकमेकींना शिवी दिली. चौदा वर्षांनंतर दोघींचं पहिलं एकमत हे असं.

"मी चुकली गो," मोतीबाई कपाळ चोळत म्हणाली. "मांडवात बोलली ते मी चुकली. मना तुझाच आवाज पाहिजे होता. त्या बाईला माझ्या नवऱ्याचा नावसुद्धा येत नव्हता." आणि हिरवं लुगडं तिनं जनीच्या हातात कोंबलं.

जनी लुगड्यावर तोंड दाबून रडली. रडून झाल्यावर काठ उलटून बघितला आणि म्हणाली, "कसर लागलीय."

"चौदा वर्षं झाली, लागणार नाय तर काय?"

आत चहा झाला. काशीनं पाचव्या नंबरपुढं खूण केली. "बरोबर साठीच्या आत झालं, आई. एक दिवस राखून."

जनी फस्सकन हसली. "कसली साठ? कार्डावर माझा बासष्ट बरोबरच होता. मी दोन इयत्ता शिकलेली, शाळेचा दाखला हाय माझ्याकडं. तू घरी राहून गुरं राखलीस म्हणून मी शाळेत गेली, तुझा दाखला कुठनं असणार? मी बासष्ट, तू माझ्याहून चारांनी मोठी. घाल हिशेब."

काशीनं घातला. "सहासष्ट," ती हळूच म्हणाली.

मोतीबाईनं बशीतला चहा खाली ठेवला. साठी येऊन, शेजारून निघूनही गेली होती; ना कुणी तिला खाटेवर बसवलं, ना तिला पत्ता लागला. एखादी असती तर खूश झाली असती. मोतीबाईनं पाच नंबरच्या खुणेवर बोट ठेवलं.

"म्हणजे सहा वर्षं उशीर झाला गो," ती म्हणाली.

"सहा नाय," जनी म्हणाली. "चौदा."