बग्गीवरची हळद

ठाण्याच्या कचेरीत कारकून असलेल्या श्रीपादपंतांना कोणाकडे काही मागायचं म्हणजे ताप यायचा. पण थोरल्या मुलीचा लग्नानंतरचा पहिला दसरा, आणि जावई पहिल्यांदाच सासुरवाडीला येणार. त्यांना स्टेशनावरून चालत कसं आणायचं, म्हणून पंतांनी मन घट्ट केलं आणि मधुसूदनराव वकिलांकडे त्यांची बग्गी एका सकाळपुरती मागितली.

ती बग्गी ठाण्यात पोराटोरांनाही ठाऊक होती. एक साहेब विलायतेला परत गेला तेव्हा वकिलांनी ती घेतली होती. अंग गर्द हिरवं, दारं दुधी, आणि सगळ्यावर रोगणाचे इतके हात चढवलेले की जाता जाता माणसं तिच्यात बघून पागोटं नीट करत.

वकिलांनी गाडी लगेच दिली. एवढंच म्हणाले, "पंत, ओरखडा मात्र नको."

हे सहज बोलणं नव्हतं. आधीचे दोन गाडीवान ओरखड्यापायीच घरी गेले होते. आताचा भिवा माजिवड्याचा, मिठागरावर वाढलेला. चाकरीला लागून त्याला जेमतेम चार महिने झाले होते.

जावयांना घेऊन येताना वाटेत घोड्याचा नाल निसटला आणि घोडा लंगडायला लागला. भिवाने कशीबशी गाडी पंतांच्या अंगणात आणून सोडली आणि घोड्याला पायी चालवत नालबंदाकडे नेलं. घोडा दोन दिवस जुंपता येणार नाही असं कळल्यावर त्याने वकिलांना निरोप दिला आणि गाडीच्या राखणीला आपल्या बापाला आणून बसवलं.

बापाचं नाव सहदेव. त्याचं तरुणपण मिठागरावर गेलं आणि पुढची पंचवीस वर्षं साहेबलोकांच्या बंगल्यांवर गाड्या धुण्यात. आता डोळे थोडे मंदावले होते, पण बोटं गाडीवरून फिरवली की धूळ कुठे आहे ते त्याला कळायचं.

पंतांची धाकटी मुलगी उत्तरा दहा वर्षांची. म्हातारा बादल्या मांडतो आहे हे पाहून ती पायरीवर येऊन बसली. थोड्या वेळाने उठून पुढे झाली आणि परकराच्या टोकाने दारावरची धूळ पुसायला गेली.

"थांब बाय," सहदेव म्हणाला. "हात दाखव."

तिने तळहात पुढे केला. त्याने दारावरची चिमूटभर धूळ त्यावर ठेवली. "आता दुसऱ्या हातानं चोळ."

"टोचतंय."

"तुझी कातडी उद्या नवी येईल. रोगणाला नवी कातडी येत नाय. ही नुसती धूळ नाय, हिच्यात वाळू हाय. कोरडी पुसलीस तर तूच तिला दारावर ओढत नेणार."

"मग काढायची कशी?"

"आपण नाय काढायची. पाण्यानं काढायची. आपण नुसतं बघायचं."

त्याने गाडी चिंचेच्या सावलीत ढकलली. उन्हाने रोगण जातं, आणि पाण्याचा थेंब अंगावर वाळला तर त्याचा डाग राहतो, असं त्याने तिला सांगितलं. मग छपरापासून पाणी सोडलं. जोरात फेकलं नाही. तांब्या टेकवून, ओघळ खाली येईल असं. चिखल फुगला, सुटला, ओघळाबरोबर निघून गेला. दोन वेळा, तीन वेळा. मग जुन्या धोतराचा मऊ तुकडा भिजवून त्याने दारावर टेकवला, उचलला, पिळला, पुन्हा टेकवला. चाकांचं फडकं वेगळं होतं आणि ते त्याने मुद्दाम लांब ठेवलं होतं.

"आई भांडी घासते तेव्हा जोर लावते," उत्तरा म्हणाली.

"भांडं पितळेचं आतून बाहेरून एक असतं. हिचं रूप सगळं वरच्या वरच हाय. एवढं पातळ." त्याने कांद्याच्या पापुद्र्याएवढी चिमूट दाखवली.

संध्याकाळपर्यंत उत्तराला फडकं टेकवणं जमायला लागलं. न घासता पुसणं जमत नव्हतं. हात आपोआप घासायला जायचा. सहदेव दर वेळी म्हणायचा, "पुन्हा." रागावला एकदाही नाही.

दुसरा दिवस खंडेनवमीचा. या दिवशी घरातल्या हत्यारांची, अवजारांची पूजा होते. पंतांची लेखणी आणि दौत, विळी, पाटा-वरवंटा, कुऱ्हाड, सगळं पाटावर मांडलं होतं. पंत जावयांना घेऊन कौपिनेश्वराला गेले होते. आई सोवळ्यात स्वयंपाकघरात. सहदेव तळ्यावर आंघोळीला गेला होता. हळदीकुंकवाचं तबक उत्तराच्या हातात होतं.

सगळ्यांना हळदकुंकू लावून झालं तशी तिला अंगणातली गाडी दिसली. विळीची पूजा झाली, कुऱ्हाडीची झाली, आणि दारात आलेली एवढी मोठी पाहुणी तशीच राहिली. हे तिला बरं वाटेना. आणि नुसतं बोट टेकवलं तर तिच्या मोठेपणाला कमी पडेल, म्हणून तिने हळद तेलात कालवली, उजवा तळहात माखला आणि दुधी दारावर पूर्ण पंजा उमटवला. पाची बोटं स्वच्छ उठली. तिला फार आनंद झाला.

आई बाहेर आली आणि जागीच थांबली. सगुणाबाई एरवी मुलीवर आवाज चढवणाऱ्यातल्या नव्हत्या, आणि आताही चढवला नाही. त्या आत गेल्या आणि घरातला कुठलाही डाग ज्याने जातो ते घेऊन आल्या: चुलीतली राख. घासण्याआधी राख भिजवून पंज्यावर थापली. हळदीचा पिवळा रंग त्यांच्या डोळ्यांदेखत लाल होऊ लागला. घटकेत दारावर कोणाचा तरी रक्ताळलेला हात दिसायला लागला.

सगुणाबाईंनी हात मागे घेतला. "अगो, हे काय झालं," एवढंच त्या पुटपुटल्या.

ओल्या पंच्याने डोकं पुसत सहदेव आला तेव्हा दोघी तशाच उभ्या होत्या. त्याने दार पाहिलं, पंजा पाहिला, राखेची वाटी पाहिली.

"घासलंत का, बाईसाहेब?"

"नाही. हात धजेना."

"भ्यालात ते बरं झालं," तो म्हणाला. "धीराच्या असतात तर दार गेलं असतं."

त्याने राखेवर पाणी सोडलं. बोट न लावता, तांब्यामागून तांब्या, अंगणात ओहोळ वाहेपर्यंत. राख गेली. लाल रंग फिका होत होत पुन्हा पिवळा झाला.

"राखेत खार असतो," तो उत्तराला म्हणाला. "हळदीला खार लागला की ती तांबडी होते. कुंकू असंच करतात. खार पाण्यानं गेला. हळद नाय जाणार. ती तेलाबरोबर आत बसली."

"मग आता?"

"लग्नात लुगडी हळदीनं माखतात. त्यांचं काय करता तुम्ही?"

उत्तराने आईकडे पाहिलं. "उन्हात टाकतो," आई म्हणाली.

"तेच. हळदीला ऊन सोसत नाय."

"पण उन्हाने रोगण जातं म्हणालात ना काल," उत्तरा म्हणाली.

"जातं. म्हणून ऊन मोजून द्यायचं."

त्याने दार अगदी कोरडं केलं. मग सगुणाबाईंकडून पंतांची जुनी धोतरं मागून घेतली आणि सगळी गाडी झाकली. उघडा ठेवला तो फक्त पंजा. ते दार सकाळच्या उन्हाकडे येईल अशी गाडी उभी केली. सूर्य वर चढला तशी पुन्हा सावलीत ओढली. देवळातून परत आलेल्या पंतांनी धोतरं नेसलेली बग्गी पाहिली, काय झालं ते ऐकलं आणि जावयांना तिथेच सोडून ओटीवर जाऊन बसले.

दुपारी उत्तरा सहदेवाजवळ आली. "किती दिवस लागतील?"

"चार. पाच."

"आणि वकीलकाका उद्या येणार."

सहदेवाने मान हलवली. तो चिंचेच्या बुंध्याला टेकून बसला होता. "भिवाच्या आधी दोघं गेले," तो म्हणाला. "पोरगा मिठागरावर परत जाईल. पायाच्या भेगांत मीठ जातं, बाय, ते तुला कळायचं नाय. त्याला मी तिथनं काढलेला."

उत्तरा रात्री जेवली नाही.

दसऱ्याच्या सकाळी वकील स्वतः आले. नाल मारलेला घोडा धरून मागे भिवा. संध्याकाळी सीमोल्लंघनाला जायचं होतं, गाडी हवी होती. भिवाने धोतरं काढायला घेतली आणि शेवटचं काढल्यावर त्याचा हात तिथेच राहिला. पंजा फिकटला होता, पण पाची बोटं मोजता येत होती.

"हे काय आहे?" वकिलांनी विचारलं.

"माझ्या राखणीत झालं, साहेब," सहदेव म्हणाला.

"तुमच्या राखणीत झालं म्हणजे भिवाच्या राखणीत झालं. गाडी त्याच्या ताब्यात दिली होती." वकिलांचा आवाज कोर्टातल्यासारखा शांत होता. "भिवा, गाडी राहू दे. घोडा घरी ने, तबेल्यात बांध. मग माझ्याकडे ये."

पंत ओटीवरून उठून अंगणात आले. वकिलांनी उपरण्याचं टोक तोंडाशी नेऊन ओलं केलं आणि ते दाराकडे वळले.

उत्तरा मध्ये आली. तिने आपला उजवा तळहात त्या डागावर ठेवला. बोटांवर बोटं बरोबर बसली.

"पंजा माझा आहे, काका. सहदेवबाबा तळ्यावर गेले होते, भिवादादा तर इथे नव्हताच. पूजा राहू नये म्हणून मीच केला."

"बरं. खरं बोललीस. आता हात काढ, पुसू दे मला."

"नाही काढणार."

"उत्तरा," पंत म्हणाले.

"बाबा, थांबा. काका, माझा पंजा चार दिवसांनी आपोआप जाईल. तुम्ही आत्ता घासलंत तर जो ओरखडा पडेल तो कधीच जाणार नाही, आणि तो तुमचा असेल."

भिवा अजून घोडा धरून तिथेच होता. घोड्याने नाल आपटला. वकील त्या एवढ्याशा हाताकडे पाहत राहिले. समोरच्या पक्षाचं म्हणणं खोडण्यात त्यांची हयात गेली होती, आणि आता खोडायला काही सापडत नव्हतं.

"हे कोणी शिकवलं हिला?" त्यांनी सहदेवाला विचारलं.

"पाणी मी शिकवलं, साहेब. बाकीचं तिचं तिनं."

"नक्की जाईल?"

"सकाळचं ऊन, घटकाभर. दुपारी सावली. पाचव्या दिवशी तुम्हाला जागा सापडणार नाय. फक्त फडकं लावायचं नाय."

"आणि आज संध्याकाळी? सगळं गाव असणार तिथे."

उत्तराचा हात अजून दारावरच होता.

वकिलांनी उपरणं झटकलं, पुन्हा खांद्यावर नीट टाकलं. मग भिवाकडे न बघता म्हणाले, "घोडा जोड. उजवीकडच्या रस्त्याने ने, म्हणजे दाराला ऊन लागेल. घाई नको. संध्याकाळीही गाडी तूच हाकायची."

उत्तराने हात काढला, भिवाने घोडा जोडला. बग्गी अंगणाबाहेर पडली तेव्हा वकील मागे बसले होते, आणि पिवळ्या पंज्याचं दार उन्हाच्या बाजूला होतं. वळणावर समोरून येणाऱ्या कोणीतरी दाराकडे बोट दाखवून काही विचारलं. वकिलांनी वाकून काय सांगितलं ते अंगणातल्या कोणाला ऐकू आलं नाही, पण गाडी थांबली नाही.