भागिरथाबाईंना रेल्वे आवडत नाही

भागिरथाबाईंना रेल्वे आवडत नाही, हे टेंभुरझरीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्या स्वतःच सांगत. कोणी विचारलं नाही तरी सांगत.

"रेल्वेत काय ठेवलं हाय बाप्पा? नुसता खडखडाट. आपली येस्टी बरी."

घर मात्र गावाच्या टोकाला, रुळांपासून एका वावराच्या अंतरावर. सकाळची पॅसेंजर वाशिमकडे निघाली, शिट्टी झाली, की भागिरथाबाईंच्या हातातलं सूप हातातच राही. शेवटचा डबा तुरीच्या पलीकडे जाईपर्यंत त्या बघत राहत. न आवडणाऱ्या गोष्टीकडे माणूस इतका वेळ बघत नाही. पण म्हाताऱ्या बाईकडे कोण एवढं निरखून पाहतो?

खरी गोष्ट वेगळी होती. गेल्या हिवाळ्यात त्या शेजारच्या चतुराबाईबरोबर वाशिमला निघाल्या होत्या. टेंभुरझरीचा थांबा छोटा. तिकिटाची एक खोली, एक बाक, आणि रुळांच्या कडेला नुसती गिट्टी. उंच फलाट नाही. डब्याची खालची पायरी कमरेला लागते. चतुराबाई काटक, दांडी धरून सरसर वर चढली. भागिरथाबाईंनीही दांडी धरली, पाय उचलला, आणि गुडघ्यानं साफ नकार दिला. पुन्हा उचलला, पुन्हा तेच. मागे माणसं खोळंबली. कोणीतरी म्हणालं, "चढा ना व माय, गाडी सुटून राह्यली!" भागिरथाबाई बाजूला झाल्या आणि खालूनच ओरडल्या, "चतुरे, तू जाय व! माही चूल जळतच राह्यली घरी!"

चूल केव्हाच विझवली होती. पण त्या दिवसापासून त्यांना रेल्वे आवडेनाशी झाली.

हे असंच चाललं असतं. पण मग सपनाचा फोन आला. सपना म्हणजे त्यांची नात. लहानपणी ह्याच घराच्या ओट्यावर बसून गाडीचे डबे मोजायची. मोठी झाली, परीक्षा दिली आणि इंजिनात सहाय्यक चालक म्हणून लागली.

"जयभीम आजी! आयक, येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी आपल्या गावच्या पॅसेंजरवर माही ड्यूटी हाय. तू येजो. वाशिमपरेंत मी गाडी चालोतो, तू मांगच्या डब्यात बस. वाशिमले उतरलो का आपुन दोघी चहा पिऊ."

भागिरथाबाईंच्या छातीत आनंद मावेना. तोंडातून मात्र निघालं, "मले गाडी लागते व माय."

"रेल्वे कोनाले लागते का आजी?"

"मले लागते."

पलीकडून सपना "बरं," म्हणाली. "तुही मर्जी." त्या 'बरं'मुळे भागिरथाबाईंना दिवसभर जेवण गोड लागलं नाही.

शनिवारी दुपारी त्यांच्या ओट्यासमोर, कडुनिंबाच्या सावलीत, नानाजी गुरुजींचा वर्ग भरे. गुरुजी शाळेतून कधीच निवृत्त झाले होते, पण शिकवण्यातून निवृत्त व्हायचं त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. पोरांना पाढे सांगत, तारे दाखवत, आणि कोणी चुकीचं उत्तर दिलं की खुश होऊन म्हणत, "वा! आता हे चूक काहून, ते शोधू."

त्या शनिवारी त्यांनी विचारलं, "समजा, रेल्वे तुमची. गाडीत काय काय सुधाराल?"

"टीव्ही!" ऋषिकेश ओरडला. "क्रिकेट पाह्याले!"

"गरम भजे," संघदीप म्हणाला. "अन् संडासाच्या दाराले कडी. मागच्या बारीनं मी पूरा रस्ता आतून दार धरून बसलो होतो."

"पूरा रस्ता तिथंच काय करून राह्यला होता रे?" साक्षीनं विचारलं, आणि सगळा वर्ग निंबाखाली लोळला.

साक्षीला आरसा हवा होता, आणि स्टेशन आलं की नाव सांगणारा आवाज. तिची मामी झोपेत वाशिमच्या पुढे निघून गेली होती. कोणाला प्यायचं पाणी हवं होतं, कोणाला शेळीसाठी जागा. ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या भागिरथाबाई पदराआड हसत होत्या.

गुरुजी म्हणाले, "झकास. पण ह्या सगळ्या सोयी गाडीत बसलेल्या माणसाईच्या झाल्या. जे गाडीत बसतच नाहीत, त्याईले काय पायजे? जा, एकेकानं एका अशा माणसाले विचारून या."

भागिरथाबाईंनी शेंगांची टोपली उचलली आणि त्या आत जायला निघाल्या. पण साक्षी त्यांच्याआधी दारात उभी.

"आजी, तुमी गाडीत काहून नाही बसत?"

"मले आवडत नाही."

"काहून?"

"खडखडाट होते."

"येस्टीत तं जास्त होते. मंग काहून?"

ह्या पोरीला गुरुजींनी एकच शब्द नीट शिकवला होता, आणि तिनं तो फार मनावर घेतला होता. सपना अशीच होती. शेवटी भागिरथाबाईंनी इकडे तिकडे पाहिलं, साक्षीला आत घेऊन दार लोटलं, आणि खांबाशी उभं राहून पाय उचलला. दुसऱ्या गुडघ्याच्या जरा खालपर्यंत आला आणि थांबला.

"इतलाच येते," त्या हळूच म्हणाल्या. "गाडीची पायरी इथं असते." त्यांनी कमरेवर हात ठेवला. "आता समजलं? कोनाले सांगजो नको."

साक्षी हसली नाही. तिनं खिशातला खडू काढला, पाय जिथे थांबला होता तिथे खांबावर रेघ मारली आणि म्हणाली, "तुमचं नाव नाही सांगत. पण पायरीचं तं सांगाच लागन."

दुसऱ्या दिवसापासून टेंभुरझरीच्या थांब्यावर मोठं काम सुरू झालं. गुरुजींनी आधी तिकीटवाल्या सेवालालला विचारलं, आणि मोठ्या स्टेशनवर जाऊन साहेबांची तोंडी परवानगीही आणली. गाडी पूर्ण थांबल्यावरच पायरी लावायची, सुटण्याआधी काढायची, आणि ते काम मोठ्या माणसांनी करायचं. पोरांनी रुळांपासून दूर मांडलेल्या पांढऱ्या दगडांच्या अलीकडेच थांबायचं.

पोरांनी शाळेतलं मोडकं लाकडी स्टूल आणलं. दगडांच्या अलीकडच्या गिट्टीवर ठेवलं, तर डुगडुगलं. ऋषिकेश वर चढला आणि धपकन खाली आला. एका पायाखाली दगड घातला, तर दुसरा उचलला गेला. मग करवत आली. लांब वाटणारा पाय थोडा कापला. आता दुसरा लांब वाटू लागला. तोही कापला. कापता कापता संध्याकाळपर्यंत स्टुलाचा पाट झाला.

"आता ह्याच्यावर बसून जेवा लेकहो," सेवालाल पोट धरून हसला.

पोरं तोंडं पाडून ओट्यापाशी आली. गुरुजी मात्र खुशीत. "वा! आता हे डुगडुगते काहून, ते शोधू. साक्षे, आजीची चूल पाहून ये. भांडं टेकाले तिच्यावर उंचवटे किती?"

साक्षी आत पळाली. भागिरथाबाईंनी मान खाली घालून शेंगा फोडायला घेतल्या. त्या चुलीवर त्यांचं एक खोटं शिजलेलं होतं.

"तीन!" साक्षी बाहेर येऊन म्हणाली.

"चार काहून नाही? उंचवटे हातानं केलेले, कमीजास्त असतात. तरी वर ठेवलेला भाताचा गंज कधी डुगडुगला का?"

पोरं विचारात पडली. गुरुजींनी घाई केली नाही. काडीनं मातीत टिंबं काढत बसले. बऱ्याच वेळानं साक्षी हळूहळू म्हणाली, "तीन असले का... तिन्ही टेकतातच. चौथा आला का भांडण होते."

"शाब्बास! जमीन कशीही वाकडी असो, तीन पाय टेकणारच. मंग आपल्याले काय पायजे?"

"तीन पायाचं स्टूल!"

"चतुराआजीच्या गोठ्यात हाय!" संघदीप उडालाच. "उंचच्या उंच! त्याच्यावर कोंबड्या झोपतात!"

ती तिवई होती. मळणी यंत्रं यायच्या आधी खळ्यावर ज्वारी उफणायची, तेव्हा बाई तीन पायांच्या ह्या घोडीवर उभी राहायची आणि सूप उंच धरून वाऱ्यात धान्य सोडायची. चढायला मध्ये दोन आडव्या पट्ट्या. साक्षीनं खांबावरची रेघ दोरीवर घेतली आणि पट्ट्यांशी लावून पाहिली. पहिली पट्टी रेघेच्या खाली. तिथून दुसरी, तिथून माथा, प्रत्येक पाऊल दोरीपेक्षा कमीच!

चतुराबाईनं तिवई धुऊन स्वतः डोक्यावरून ओट्यापाशी आणली. "माह्या तिवईले करवत लावसान तं याद राखा! अन् हे कोनासाठी चालू हाय?"

पोरांनी साक्षीकडे पाहिलं. साक्षीनं तर ओठ घट्ट मिटले. चतुराबाईनं उघड्या दारातून खांबावरची खडूची रेघ पाहिली, मग भागिरथाबाईंचं तोंड पाहिलं.

"काव भागिरथे! त्या दिवशी चूल जळत राह्यली होती ना?"

भागिरथाबाईंनी सुपातल्या दाण्यांत बोटं फिरवली. मग त्यांनाच हसू फुटलं. "चूल नाही व. गुडघा जळून राह्यला होता."

"मले सांगतलं असतं तं मी खांद्यावर घेतली असती तुले!"

"म्हनूनच नाही सांगतलं! गाव पाह्यत राह्यलं असतं!"

दोघी इतक्या हसल्या की निंबावरचे पोपट उडाले.

ठरल्या रविवारी सगळं गाव थांब्यावर. भागिरथाबाईंनी पांढरं स्वच्छ लुगडं नेसलं होतं, हातात सपनासाठी तिळाच्या पोळ्यांचा डबा. तोंडानं "मले काही नवल नाही" म्हणत होत्या, पण नजर रुळांवरून हटत नव्हती. नात इंजिनात असली तरी आजीसाठी गाडी थांबवून धरणार नव्हती. येते म्हणून कळवलं, तेव्हाच सपनानं फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "आजी, टाईम झाला का मले निघाच लागते."

गाडी आली. आली आणि नेहमीपेक्षा पुढे जाऊन थांबली. दार तिवईपासून लांब गेलं.

"उचला!" पांढऱ्या दगडांमागून पोरं ओरडली. सेवालालनं तिवई खांद्यावर घेतली आणि पळाला. त्याच्यामागे चतुराबाई, आणि चतुराबाईच्या हाताला धरून भागिरथाबाई. सेवालालनं तिवई गिट्टीवर टेकवली. हलली नाही, डुगडुगली नाही. तिन्ही पाय खडीत रुतून बसले.

पहिली पट्टी. दुसरी. मग माथा.

भागिरथाबाई तिवईवर उभ्या राहिल्या, आणि वाऱ्याची एक झुळूक आली. कित्येक वर्षांनी त्या एवढ्या उंचीवर उभ्या होत्या. समोर तूर, पलीकडे हरभरा, सगळं तरुणपणी खळ्यावरून दिसायचं तसंच. जुन्या सवयीनं त्यांनी वाऱ्याची दिशा पाहिली.

"उफनाले उभी राह्यली का व?" खालून चतुराबाई ओरडली. "चढ ना!"

त्यांनी दांडी धरली, पाय पुढे टाकला आणि त्या गाडीत होत्या. गुडघा चकार शब्द बोलला नाही. मागोमाग चतुराबाई. तिच्यामागे दिवस भरत आलेली एक बाई, मग काठी टेकत एक आजोबा. हे सगळे आजवर कुठे होते कोण जाणे! सेवालालनं तिवई काढून घेतली आणि लगेच शिट्टी झाली.

इंजिनाच्या खिडकीतून हिरवा झेंडा धरलेला हात बाहेर आला. मागच्या गार्डाशी खूण जुळवायला सपनानं मान वळवली, आणि तिला एका डब्याच्या दारातून पांढऱ्या लुगड्याचा पदर आणि हलणारा पोळ्यांचा डबा दिसला. तिला ड्यूटीवर ओरडता येत नव्हतं. पण पुढची शिट्टी जरा लांबलीच, असं पोरं आजही सांगतात.

"आजी, उतरताना?" साक्षी दगडांमागून ओरडली. "आमी संध्याकाळी तिवई घेऊन उभे राहतो!"

"उभे राहजा रे माह्या वाघांनो!"

भागिरथाबाई खिडकीशी बसल्या. तुरीच्या पलीकडे त्यांचं स्वतःचं घर, निंब आणि रिकामा ओटा मागे गेला. त्यांनी डब्यात एकदा नजर फिरवली. पंखा बंद. नळाला पाणी नाही. संडासाच्या दाराला खरंच कडी नव्हती.

"चतुरे," त्या ऐटीत मांडी घालत म्हणाल्या, "गुरुजीले सांग, शनिवारी पोराईसंगं मलेही वर्गात बसवा. ह्या गाडीत काय काय सुधाराले पायजे, ते आता मी सांगतो."