एकदाच विचारलेलं

पेल्याच्या झाकणाला पुढे एक चोच होती, आणि त्या चोचीच्या टोकाशी दुधाचा एक थेंब केव्हाचा थांबून राहिला होता – पडत नव्हता, सुकत नव्हता. तो त्या थेंबाकडे पाहत पलंगाशी उभा होता. "दूध?" असं त्याने विचारलं होतं आणि बायकोने उशीवरच डोकं हलवलं होतं. अर्धांगाच्या झटक्यापासून तिचं बोलणं बंद झालं होतं आणि मान डावीकडे नीट वळत नसे, त्यामुळे तिचं नाही अर्ध्यावरच थांबल्यासारखं दिसे. पण अर्धं असलं तरी नाहीच ते. तो पेला घेऊन आत गेला, दूध सिंकमध्ये ओतलं, नळ सोडला, चोच बोटाने चोळून धुतली. रोजच ओततो आपण हे. निदान अर्धा पेला तरी घ्यायला लावावा, असं कुठेतरी वाटतं, पण तोवर पेला धुऊन झालेला असतो.

आज वेळ नव्हता. आज आरोग्य केंद्रावर जायचं होतं.

तिचे कपडे बदलायचे होते. आधी दुखरा हात बाहीत घालायचा, चांगला हात नंतर. काढताना उलट. हे त्याला वावटळीने शिकवलं होतं. वावटळ म्हणजे रोज सकाळी येणारी परिचारिका. दार असं उघडायची की भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं, म्हणून तिला हे नाव त्या दोघांनी ठेवलेलं, म्हणजे ठेवलं त्याने आणि ती अर्ध्या ओठाने हसली होती, तेच तिचं अनुमोदन. वावटळ यायची, तिला बसवायची, पुसायची, पाय वरखाली करायची, आणि सगळा वेळ बोलत राहायची. "काकू, दूध घेतलं? नको? बरं, मी केस विंचरते. हं, आता सांगा, दूध घेणार? नको काय, घ्या की दोन घोट, काका बघत नाहीयेत." आणि ती घ्यायची. वावटळीच्या हातून पेला रिकामा व्हायचा. तो दारात उभा राहून पाहायचा आणि त्याला – कबूल करायला हरकत नाही, इथे कोण ऐकतंय – थोडं लागायचं. इतक्या वर्षांचा संसार, आणि दूध मात्र परक्या बाईच्या हातचं गोड लागतं.

आता वावटळ येत नव्हती. त्यानेच तिला नको म्हटलं होतं.

म्हणजे तसं म्हटलं नव्हतं... फोनवर एक प्रश्न उमटला होता, एवढंच. मुलीने त्याच्या फोनमध्ये आरोग्य कार्यालयाचं काहीतरी घालून दिलं होतं, त्यात मधूनमधून असे प्रश्न उमटत. आपल्याला घरी येणाऱ्या परिचारिकेची गरज अजून आहे का? खाली दोन चौकोन. त्याने चष्मा लावला, प्रश्न दोनदा वाचला, भाषा शुद्ध होती, 'आपल्याला' म्हटलं होतं, आणि अशा अदबीने कोणी विचारल्यावर एकदम हो कसं म्हणायचं? लहानपणी कुणाकडे गेलं आणि चहा विचारला की आधी नको म्हणायचं, हे त्याला कुणी शिकवल्याचं आठवत नाही, श्वास घ्यायला कुठे कोण शिकवतं. नको म्हणायचं, मग यजमान म्हणणार अहो घ्या, मग कशाला उगीच त्रास म्हणायचं, मग ते म्हणणार त्रास कसला, आणि मग घ्यायचा. पहिलं नको हे उत्तर नसतंच, तो उंबरठा असतो. त्याने 'नाही' वर बोट ठेवलं. मनात अर्थ असा की नाही, तसं आमचं चाललंय म्हणा. आणि तो थांबला. खरोखर थांबला, फोन हातात धरून. एक हिरवी खूण आली. धन्यवाद. आपली नोंद झाली आहे.

पुढच्या आठवड्यात कॅलेंडर हललं नाही.

"बाबा, ते यंत्र आहे," मुलगी फोनवर म्हणाली होती. "त्याला वाईट वाटत नाही. तुम्ही सरळ हो म्हणायचं होतं." तिने मग कुठे कुठे फोन करून आजची ही दुसरी तपासणी मिळवली होती; दोघांनी केंद्रावर यायचं, समोर बसून उत्तरं द्यायची. आणि या वेळी जर गरज नाही असं ठरलं, तर पुन्हा अर्ज घेणार नाहीत. मग दुसरा मार्ग राहतो, असं मुलगी म्हणाली, आणि त्या मार्गाचं नाव तिने घेतलं नाही, पण त्याने ती जागा पाहिलेली होती: लांबच लांब दालन, दोन्ही बाजूंना पलंग, आणि प्रत्येक पलंगाशी एक घंटी. आणि ही काही घंटी दाबणार नाही. जीव गेला तरी नाही. मागच्या आठवड्यात न्हाणीघरात ती त्याच्या हातातून निसटली होती, अगदी पडली नाही, भिंतीला घसरत खाली बसली, आणि त्या वेळीसुद्धा ती हाताने खुणावत होती की काही नाही, काही नाही.

हो म्हणायचं. सरळ. त्याने गाडीत बसल्यावर मनातल्या मनात म्हणून पाहिलं. हो, गरज आहे. हो, मला एकट्याला जमत नाही. वाचनालयात इतकी वर्षं काउंटरमागे काढली, तिथे लोक येत आणि म्हणत, काही नाही, सहज आलो होतो. आणि मी रजिस्टरमधून मान वर न करता थोड्या वेळाने पुन्हा विचारायचो, काही बघायचं होतं का? मग हळूच पुस्तकाचं नाव निघायचं. पुष्कळदा ते नाव सांगायला माणूस गावाच्या दुसऱ्या टोकाहून आलेला असायचा. यात माझं काही मोठेपण नव्हतं. मलाही घरी तसंच कुणीतरी विचारत होतं. ती. "काही झालंय का?" नाही. मग ती तिचं काहीतरी निवडत, शिवत बसणार, मी वर्तमानपत्र उलटणार, आणि मग तिचा तो दुसरा, खालच्या आवाजातला प्रश्न – "खरं सांगा." माझं सगळं आयुष्य त्या दुसऱ्या प्रश्नापाशी सांगून झालं. पहिल्याला मी कधी खरं उत्तर दिलं असेन असं वाटत नाही.

केंद्रात एकमेकींना जोडलेल्या खुर्च्या होत्या. खिडकीतल्या मुलीने कागद पाहिले आणि कोपऱ्यातल्या स्क्रीनसमोरची जागा दाखवली. "आजोबा, ते विचारेल, तुम्ही बोट लावायचं. आम्ही मध्ये बोलायचं नसतं, नाहीतर म्हणतात आम्ही शिकवलं." त्याने विचारलं की मागाहून काही सांगायचं राहिलं तर? खिडकीतली मुलगी हसली, वाईट नव्हती बिचारी. जे असेल ते तिथेच सांगा म्हणाली.

स्क्रीनवर आधी भाषांची यादी आली. त्यात आपली लिपी दिसली आणि त्याला उगीच बरं वाटलं, परगावच्या गर्दीत ओळखीचं माणूस दिसावं तसं. त्याने त्या नावावर बोट ठेवलं. एका बाईचा आवाज बोलू लागला, स्वच्छ, सावकाश, एकही शब्द चुकीचा नाही. ज्याला आपली भाषा इतकी येते त्याला आपलं नकोही कळत असेल – असं तो त्या दिवशी फोन हातात धरून समजला होता. शब्द सगळे आपलेच. ऐकणारं कुणी नाही.

आधी रुग्णाने उत्तरं द्यायची होती. तिची चाकांची खुर्ची त्याने पुढे घेतली. आणि ती ताठ बसली. पाहुणे आल्यावर बसायची तशी, चांगल्या हाताने पदर सारखा करून.

आपण स्वतः कपडे घालू शकता का?

तिने बोट पुढे नेलं. हो.

आपण आधाराशिवाय चालू शकता का? हो.

आपण स्वतःच्या हाताने खाऊ-पिऊ शकता का? हो.

ती खोटं बोलत नव्हती. कशी आहे तब्येत, असं कुणी विचारलं तर छान म्हणायचं असतं, तेवढंच करत होती. आणि प्रत्येक उत्तराखाली एक लहान चौकोन उघडत होता: सोबतच्या व्यक्तीने दुरुस्ती करावी. दुरुस्ती केली की तो आवाज ती वाचून दाखवतो, हे पलीकडच्या स्क्रीनवरून ऐकू येत होतं; तिथल्या कुणा म्हाताऱ्याला एकट्याने शौचाला जाता येत नाही, हे त्या स्वच्छ आवाजाने साऱ्या खोलीला सांगितलं होतं, आणि तो म्हातारा आपल्या बुटांकडे पाहत बसला होता. मी दुरुस्ती करायची. हिच्यासमोर, हिच्याबद्दल. त्याने बोट उचललं आणि चष्मा सारखा केला.

मग प्रश्न त्याच्याकडे वळला. आपण ही काळजी पुढेही एकट्याने घेऊ शकाल का?

तिने मान वळवली, वळत नव्हती त्या बाजूला, आणि त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं... विनवणी? की मोकळीक? कदाचित ती म्हणत असेल, सांगून टाका. कदाचित म्हणत असेल, नका सांगू. पूर्वी कळायचं. निदान कळतं असं वाटायचं. त्याचा हात गुडघ्यावरच राहिला.

स्क्रीन अंधुक झाली. आपण अजून आहात का?

त्याने घाईने बोट लावलं. मागचीच अक्षरं परत उजळली, आवाज मात्र आला नाही. तो पाहत राहिला. स्क्रीन पुन्हा अंधुक झाली. आपण अजून आहात का?

हे एवढंच ते दुसऱ्यांदा विचारतं, त्याच्या मनात आलं. बाकी सगळं एकदाच. आणि काहीतरी करायला हवं म्हणून, हातांना काम हवं म्हणून, त्याने पिशवीतून चोचीचा पेला काढला, त्यात पाणी होतं. "पाणी?" तिने डोकं हलवलं, ते अर्धं नाही. तो पेला पिशवीत परत ठेवू लागला, रोज ठेवतो तसाच, आणि का कोण जाणे, पिशवीच्या तोंडाशी त्याचा हात थांबला.

"अगं, खरंच नको?"

ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिचा चांगला हात सावकाश वर आला. तिने पेला घेऊन चोच ओठांत धरली आणि डोळे मिटून पिऊ लागली, न थांबता, एका बाजूने पाणी हनुवटीवर ओघळत होतं तरी न थांबता, गळ्याची ती सुरकुतलेली कातडी वरखाली होत होती, आणि शेवटी चोचीतून नुसत्या हवेचा आवाज आला तरी तिने पेला सोडला नाही.

सकाळचं दूध. कालचं. त्याच्या आधीचं. नळाखाली चोळलेली ती चोच. वावटळ गेल्यापासूनच्या सगळ्या सकाळी त्याच्या समोर उभ्या राहिल्या, आणि दुपारी, आणि संध्याकाळी – जेवण? नको. उठून बसतेस? नको. खिडकी उघडू? – आणि प्रत्येक वेळी मी मान डोलावून, तिचं ऐकलं म्हणून समाधानाने, आत निघून गेलेलो.

"आणखी?" त्याने विचारलं. पेला हळूच तिच्या हातातून सोडवून घेतला.

तिने डोकं हलवलं.

तो थांबला. हे 'नाही' खरं असेल, किंवा नसेल. पुन्हा विचारावं, तर ती केवळ त्याच्यासाठी हो म्हणेल. न विचारावं तर... त्याला कळेना. इतकी वर्षं जे न शिकता येत होतं ते आता नेमकं कुठे धरायचं, हेच त्याला सापडेना, आणि ती तर शांतपणे समोर पाहत होती, हनुवटीवर पाणी तसंच. ते पुसायला हवं. पुसू का, असं विचारायला त्याने तोंड उघडलं, आणि विचारलं नाही.

समोरची स्क्रीन अंधुक होती. आपण अजून आहात का, हे शब्द थोडा वेळ तिथे राहिले, मग त्याच्या उत्तराशिवायच गेले, आणि भाषांची यादी पुन्हा आली, पहिल्यासारखीच, तिच्यात खालच्या ओळीत आपली ओळखीची लिपी. रिकामा पेला दोन्ही हातांत धरून तो त्या ओळीकडे पाहत बसला, अनोळखी अक्षरांकडे पाहावं तसा.