चुकीच्या पाकिटावरचं तिकीट

सॅक्रामेंटोच्या टपाल-तिकिटांच्या मेळाव्यात लव्हडे ट्रेव्हेनानं आपला अल्बम टेबलावर ठेवला. व्यापारी केसलरनं पहिलंच पान उलटलं आणि भुवया उंचावल्या.

"ही तिकिटं पाण्यात घालून पाकिटांवरून सोडवलेली दिसतात."

"हो, मीच सोडवली. लग्न नवं होतं," लव्हडे म्हणाली.

ग्रास व्हॅलीतल्या घराची भिंत दुरुस्त करताना तिच्या नवऱ्याला, हार्वीला, फळ्यांच्या फटीत जुनी पाकिटं सापडली होती. कुणीतरी वारा अडवायला कोंबलेली. फार पूर्वी सोन्याच्या खाणींपर्यंत सरकारी टपाल पोचत नव्हतं, तेव्हा खासगी टपालवाले खेचरांवरून पत्रं आणत आणि त्यावर आपलंच तिकीट लावत. ही तिकिटं ट्रेमेन एक्सप्रेस या अशाच एका कंपनीची होती. निळी, खेचराच्या चित्राची. हार्वी खाणीवर कामाला गेला आणि नवऱ्याला खूश करावं म्हणून लव्हडेनं सगळी पाकिटं टबात बुडवली. तिकिटं सुटी करून टॉवेलवर नीट वाळत घातली.

संध्याकाळी हार्वी दारातच थबकला. "अगं बये, ही पाकिटावर असली तरच त्यांना किंमत!"

"मग आधी सांगायचंस!"

तो पायरीवर जाऊन बसला. तिनं मांस-बटाटा भरलेली गरम पेस्टी नेऊन दिली. ती संपवून तो उठला. "चल, आण ती पाकिटं. परत लावू."

तो सगळा हिवाळा त्यातच गेला. टपालाचा अर्धा शिक्का तिकिटावर, अर्धा पाकिटावर, ते जुळवून बघायचे. कुठं डिंकाचा डाग, कुठं शाईचा फराटा. एखादं जुळलं की हार्वी टेबलावर अशी थाप मारायचा की चहा सांडायचा. मग नादच लागला. दर रविवारी जुन्या फोर्डमधून डोंगरातली गावं पालथी घालायची, कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या दुकानात निळं खेचर शोधायचं, आणि येताना गाडीतच गाणी म्हणायची. हार्वी बेसूर गायचा, पण मनापासून.

आता हार्वी जाऊन बरीच वर्षं झाली होती. लव्हडे ऑरेगनला बहिणीकडे एका खोलीत राहायला निघाली होती, म्हणून हे विकायला आली.

"हे एक चुकलंय," केसलर म्हणाला. "पाकिटावरच्या शिक्क्याची कड गोल आहे, तिकिटावरची लांबट. हे या पाकिटाचं नाहीच."

लव्हडेनं त्याच्या हातातलं भिंग जवळजवळ हिसकावलंच. बघितलं, आणि ती खो खो हसत सुटली.

"मी तेव्हाच सांगितलं होतं त्याला, पाकिटावरचा शिक्का गोल आहे म्हणून! ऐकेना. वाद नको म्हणून त्यानं सरळ डिंक लावून चिकटवून टाकलं. आमचा दोन दिवस अबोला होता."

"म्हणजे शेवटी तुम्हीच जिंकलात."

"जिंकून काय उपयोग? आज असता तरी कबूल झाला नसता. म्हणाला असता, या माणसाला काय कळतंय, दुसरा बघ."

केसलरही हसला. "काढून योग्य पाकिटावर लावून देऊ? मिनिटाचं काम."

"हात लावू नका त्याला." तिनं रुमालानं डोळे पुसले. "बाकीची घ्या तुम्ही. हे मी नेते."

परतीच्या बसमध्ये ते पाकीट तिच्या मांडीवर होतं. डोंगर दिसायला लागले तशी ती खिडकीकडे तोंड करून हळूच म्हणाली, "गोल होता, हार्वी. गोलच होता."