वाळूच्या पिशवीची गोष्ट

मित्रांनो, मी एक जुनी पिशवी आहे. माझ्या पोटात मांजरा नदीची वाळू भरलेली आहे. निजामाच्या राज्यात नांदूरघाटाजवळ एका जहागीरदाराचे शिपायांचे लहानसे पथक होते. त्यांच्या चांदमारीवर, म्हणजे बंदुकीचा नेम शिकवण्याच्या माळावर, माझे आयुष्य गेले.

पथकाचे जमादार बबनराव. त्यांच्या पत्नीने, ताराबाईंनी, तंबूचे जाड कापड दुहेरी करून मला शिवले. वाळू चाळून, उन्हात वाळवून भरली. तीही गच्च नाही, कारण बंदूक माझ्यात थोडी रुतून बसायला हवी. लांबचा नेम धरायचा असला, की शिपाई पालथा पडे आणि बंदूक माझ्यावर टेकवी. त्याचा श्वास मला कळे, हाताचा कंपही कळे. तो शांत झाला की मगच गोळी सुटे. समोर दूरवर नेम धरायचे निशाण असे आणि त्यामागे गोळ्या अडवणारा मातीचा बांध. भोवती धोक्याची हद्द दाखवणारे लाल झेंडे लावलेले असत.

उत्तरेश्वर हा सगळ्यांत पक्क्या नेमाचा शिपाई. शाबासकी त्याला मिळे, त्याच्या बंदुकीला मिळे. माझे नाव कोण घेणार? एका पावसाळ्यात तर मी कोठीच्या कोपऱ्यात तशीच पडून राहिले आणि उंदरांनी माझी शिवण कुरतडली.

दिवाळीनंतर जहागीरदारांसमोर नेमबाजीची चढाओढ झाली. जिंकणाऱ्या शिपायाला नायकाचा हुद्दा मिळणार होता. उत्तरेश्वराने मला मांडले, तेव्हा माझ्यातून वाळूची बारीक धार लागली. बबनरावांना ती दिसली.

"उत्तऱ्या, आधी पिशवी शिव."

"कावून, जमादार? मूठभर बी वाळू गेली न्हाई. एकच गोळी राहिली हाय."

जहागीरदार वाट पाहत होते. बबनरावांनी मान हलवून परवानगी दिली. उत्तरेश्वराने श्वास रोखला, चाप ओढला आणि नेमकी तेव्हाच माझ्यातली वाळू सरकली. बंदुकीचे तोंड खाली गेले. गोळी बांधाच्या अलीकडे खडकावर आदळली आणि उसळून भलतीकडेच गेली.

ओढ्याकडून मेंढ्यांचा कालवा ऐकू आला. उत्तरेश्वराने बंदूक रिकामी करून खाली ठेवली आणि तो धावत सुटला. लाल झेंड्यांच्या कितीतरी बाहेर धुळाजी धनगर बसला होता. त्याच्यापुढे एक मेंढी मरून पडली होती. तो ओरडला नाही, भांडला नाही. आपला तळहात उलटसुलट करून बघत राहिला.

"माझा हात हिच्या पाठीवर व्हता, बापा," एवढेच तो म्हणाला.

उत्तरेश्वर परत आला. जहागीरदार म्हणाले, "मेंढीचं आम्ही बघतो. तू दुसरी गोळी मार."

"न्हाई सरकार. आज माझ्याच्यानं व्हायचं न्हाई."

"मग नायकी गेली समज."

"जाऊ द्या."

बबनरावांनी खाली मान घातली आणि स्वतःच्या हाताने झेंडे उतरवले. त्या दिवशी पुढे एकही गोळी सुटली नाही. उत्तरेश्वर मला मांडीवर घेऊन शिवत बसला. त्याचे टाके वाकडेतिकडे पडले, बोटात सुई दोनदा रुतली. पण शिवण पक्की झाली.

नायकी त्याला पुढेही मिळाली नाही. पण नवे शिपाई शिकायला त्याच्याकडेच येऊ लागले. तो त्यांना पहिल्या दिवशी बंदुकीला हात लावू देत नसे. त्यांना घेऊन पार बांधापलीकडे, ओढ्याशी जाई.

"हितं उभे राहा," तो म्हणे, "आन् तिकडं बघा. तिथं बंदूक घेऊन कुणी पडलंय, त्याला तुमी दिसत न्हाई. आता सांगा, त्यानं काय काय तपासलं असावं, असं तुमाला वाटतं?"

पोरे एकेक गोष्ट सांगू लागत. कोणीतरी पिशवीचे नाव घेईपर्यंत तो त्यांना तिथून हलू देत नसे.

मित्रांनो, आज माझे कापड विरले आहे. तुमच्या हाती बंदूक येईल न येईल. पण ज्याच्यावर भार टाकून तुम्ही काही करता, ते आधी उचलून, उलटे करून पाहा. पलीकडे कोणाचा तरी हात कोणाच्या तरी पाठीवर असतो.